कोणते नाणे चढेल?

आमच्या नंदुरबारात मिरचीचा भाव पडला तरी माल पथारीवर राहतो. मोबाइलवरच्या मीम नाण्यामागे मालच नसतो. असतो फक्त पुढचा खरेदीदार. २०१३ मध्ये थट्टेखातर निघालेले डोजकॉइन टिकले. पण २०२१ मधले ‘स्क्विड’ २,८०० डॉलरच्या वर जाऊन काही मिनिटांत शून्याजवळ आले. घेणाऱ्यांना ते विकताच येत नव्हते.

म्हणून घरातील तरुणांनी विचारले, तर आपण तीन गोष्टी पाहू. नाणे विकता येते का? बहुतेक नाणी मोजक्याच हातांत आहेत का? खात्रीच्या नफ्याचे आमिष आहे का? पुण्यात गुन्हे दाखल झालेल्या ‘गेनबिटकॉइन’ने दरमहा १० टक्क्यांचे वचन दिले होते.

नफा झाला तर ३० टक्के कर. तोटा मात्र वजा होत नाही. मुलांच्या फीसाठी जपलेली हलाल कमाई यात घालू नये.