‘लेफ्ट’ म्हणजे उरलेला हात नव्हे

इंग्रजी शब्दांच्या गमती सांगणाऱ्या लेखांतून आणि शिकवणीच्या वर्गांतून एक खुलासा वर्षानुवर्षे फिरत आला आहे. बहुतेक माणसे महत्त्वाची कामे उजव्या हाताने करतात, दुसरा हात नुसताच उरतो, आणि ‘लीव्ह’ म्हणजे सोडणे या क्रियापदाचे भूतकाळी रूप ‘लेफ्ट’ असल्यामुळे त्या उरलेल्या हाताला ‘लेफ्ट’ हे नाव पडले, असे त्यात सांगितले जाते. हा खुलासा इतका सोयीचा आहे की तो पडताळून पाहावा असे कोणाला वाटत नाही, आणि म्हणूनच तो ठामपणे खोडून काढणे भाग आहे. डाव्या बाजूचा ‘लेफ्ट’ आणि सोडून दिलेला ‘लेफ्ट’ हे मुळात दोन वेगळे शब्द असून काळाच्या ओघात त्यांचे रूप तेवढे एक झाले आहे.

अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत, जिला अभ्यासक प्राचीन इंग्रजी म्हणतात, ‘ल्यूफ्ट’ असा एक शब्द होता आणि त्याचा अर्थ दुबळा, कुचकामी असा होता. पक्षाघाताला त्या काळी ‘ल्यूफ्टआड्ल’ म्हणत, म्हणजे शब्दशः दुबळेपणाचा आजार. इंग्लंडच्या आग्नेयेकडील केंटच्या बोलीत याच शब्दाचा उच्चार ‘लेफ्ट’ असा होई, आणि एका जुन्या हस्तलिखितात लॅटिन ‘इनानिस’, म्हणजे पोकळ किंवा निरर्थक, या शब्दाचा अर्थ म्हणून तो नोंदवलेला आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीही ‘लेफ्ट’चे मूळ याच दुबळेपणात शोधते, उरण्यात नव्हे.

ज्यांचे समाधान कोशाने होत नाही, त्यांनी स्वराकडे पाहावे. प्राचीन इंग्रजीतील ‘यू’सारखा तो स्वर पुढे उत्तरेकडे ‘इ’, पश्चिमेकडे ‘उ’ आणि आग्नेयेकडे ‘ए’ असा फुटला, आणि नेमकी त्याच वाटणीनुसार मध्ययुगीन इंग्रजीत डाव्या बाजूसाठी ‘लिफ्ट’, ‘लुफ्ट’ आणि ‘लेफ्ट’ अशी तीन रूपे सापडतात. पुरणे या अर्थाचा ‘बेरी’ हा शब्द आजही लिहिताना पश्चिमेचा ‘उ’ बाळगतो आणि बोलताना आग्नेयेचा ‘ए’, तो याच घडामोडीमुळे. ‘लीव्ह’ या क्रियापदात तो स्वर कधी नव्हताच, त्यामुळे त्याच्यापासून ‘लुफ्ट’ हे रूप निघणे शक्यच नव्हते. एवढा एक पुरावा या प्रकरणाचा निकाल लावायला पुरेसा आहे. शिवाय डच बोलींमध्येही डाव्यासाठी ‘लुफ्ट’ किंवा ‘लुख्ट’ हा शब्द आढळतो, तर ‘लीव्ह’चा जर्मन भाऊबंद ‘ब्लायबेन’ हा असून त्याचा अर्थ राहणे असा होतो. दोन घराणी वेगळी आहेत, हे यावरूनही दिसते.

खरी गोष्ट या दंतकथेपेक्षा कितीतरी रंजक आहे. प्राचीन इंग्रजीत डाव्यासाठी रोजच्या वापरातला शब्द ‘ल्यूफ्ट’ नव्हताच, तो ‘विनेस्त्रा’ होता. आइसलँडिक ‘विन्स्त्री’, स्वीडिश ‘व्हेन्स्टर’, डॅनिश आणि नॉर्वेजियन ‘व्हेन्स्त्रे’ ही त्याचीच भावंडे आहेत. बहुतेक अभ्यासक या शब्दाचे नाते मित्र या अर्थाच्या धातूशी लावतात, आणि तसे मानले तर त्याचा अर्थ ‘अधिक स्नेहाची बाजू’ असा होतो. जी बाजू अशुभ मानली जाई तिला मुद्दाम गोड नाव देण्याची ही रीत मराठी वाचकाला परकी वाटू नये, कारण ज्या समाजाने जीवघेण्या रोगाला ‘देवी’ म्हटले आणि बांगडी फुटली असे न म्हणता ‘वाढवली’ म्हटले, त्याला तिचे कारण समजावून सांगावे लागत नाही. ग्रीकमधील ‘अरिस्तेरोस’ म्हणजे डावा हा शब्द सर्वोत्तम या अर्थाच्या शब्दाशी जुळतो, आणि संस्कृतातील ‘वाम’ म्हणजे डावा, प्रतिकूल आणि सुंदरही.

असे गोड नाव काही पिढ्यांनी झिजते आणि भीती पुन्हा त्याला चिकटते, म्हणून नवा शब्द आणावा लागतो. जर्मनमध्ये ‘विनिस्तार’ मागे पडून ‘लिंक्स’ आला, इंग्रजीत ‘लेफ्ट’ आला. चौथ्या शतकात वुल्फिलाने गॉथिक या जुन्या जर्मनिक भाषेत केलेल्या बायबलाच्या अनुवादात तर तिसराच शब्द आहे. उप्साला येथे जपलेल्या या अनुवादाच्या हस्तलिखितात, दान करताना डाव्या हाताला उजव्याची कृती कळू देऊ नये हे मॅथ्यूचे वचन येते, आणि तिथे डावा ‘ह्लीदुमा’ आहे, तर उजवा ‘तेख्स्वा’. हा ‘तेख्स्वा’ आपल्या ‘दक्षिण’चा सगोत्र आहे. पुढे इंग्रजी आणि जर्मनने तोही टाकला आणि सरळ या अर्थाचे ‘राइट’ आणि ‘रेख्ट’ हे शब्द उजव्या बाजूसाठी घेतले. मराठीतला ‘उजवा’ही ‘ऋजु’ म्हणजे सरळ या शब्दापासून आला आहे, आणि ‘ऋजु’ व ‘राइट’ यांचे मूळ एकच.

पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यास उजवीकडे दक्षिण येते, म्हणून संस्कृतात उजव्याचे आणि त्या दिशेचे नाव एकच. डावीकडे उत्तर येते, आणि जर्मनिक ‘नॉर्थ’ची तुलनाही प्राचीन इटलीतील उम्ब्रियन भाषेच्या ‘नेर्त्रू’शी, म्हणजे डाव्या बाजूच्या शब्दाशी, केली जाते.

राहिलेले गैरसमज थोडक्यात आटोपता येतील. जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात ते ताऱ्यांमुळे नव्हे; त्या बाजूला सुकाणूचे वल्हे असे आणि मूळ शब्द ‘सुकाणूची बाजू’ असाच आहे. ‘न्यूज’ हा शब्द नॉर्थ, ईस्ट, वेस्ट आणि साउथ यांच्या आद्याक्षरांतून बनलेला नाही. तो ‘न्यू’चे अनेकवचन, म्हणजे नव्या गोष्टी. राजकारणातील डावे-उजवे हातांच्या बळावरून ठरले नाहीत, 1789 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत कोण अध्यक्षांच्या कोणत्या बाजूला बसले त्यावरून ठरले. आणि डेन्मार्कमधील ‘व्हेन्स्त्रे’ या नावाचा शब्दशः अर्थ डावा असला, तरी 1870 मध्ये स्थापन झालेला तो पक्ष आज उजवीकडे झुकणाऱ्या पक्षांत गणला जातो.