संकल्पना टिपण: विषयापासून प्रश्नापर्यंत

संशोधन प्रकल्प हाती घेण्याआधी त्याचा गाभा मांडणारा दोन ते पाच पानांचा मजकूर म्हणजे संकल्पना टिपण. काय शोधायचे, ते का शोधायचे, कसे शोधायचे आणि हाती असलेल्या वेळात व पैशात ते जमेल का, एवढेच त्यात सांगायचे असते. सविस्तर प्रस्ताव किंवा सिनॉप्सिस ही पुढची पायरी. पीएचडीच्या विद्यार्थ्याचे टिपण आधी मार्गदर्शक वाचतात, मग विषय संशोधन सल्लागार समितीपुढे जातो. निधी हवा असेल तर अनुदान देणारी संस्थाही वाचते. यातले सगळेच वाचक त्या विषयातले नसतात, त्यामुळे परिभाषा बेताची ठेवावी लागते.

टिपण वाचले जाते शीर्षकापासून, पण लिहायला सुरुवात होते संशोधन-प्रश्नापासून. बहुतेक पहिल्या मसुद्यांत प्रश्न नसतो, नुसता विषय असतो. उदाहरणार्थ, नाशिक जिल्ह्यातल्या अवर्षणप्रवण सिन्नर तालुक्यात काम करू इच्छिणारा विद्यार्थी ‘शेततळी आणि भूजल’ असे लिहून आणतो. या तीन शब्दांत दहा प्रबंध मावतील. मार्गदर्शकाचा पहिला शेरा ठरलेला असतो: नेमके काय मोजणार?

उत्तर पार्श्वभूमीतून निघते. शेततळे मुळात पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवण्यासाठी. राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली आणि तळ्यामागे कमाल ५०,००० रुपयांचे अनुदान ठेवले. प्रत्यक्षात अनेक शेतकरी तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात, पावसाळा सरताना विहिरीचे किंवा बोअरचे पाणी उपसून ते भरतात आणि उन्हाळ्यात डाळिंब, द्राक्ष जगवतात. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळ्याचे काठ एकास एक उताराचे धरले, तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. हे पाणी जमिनीखालून आलेले असेल, तर एकाच्या साठ्याचा भार शेजारच्या विहिरींवर पडतो का? इथे विषयाचा प्रश्न झाला. पार्श्वभूमीत एवढेच यावे. शेतीचे महत्त्व, पाण्याचे महत्त्व असे सर्वमान्य परिच्छेद समिती वाचतही नाही.

यानंतर पूर्वसंशोधनाचा आढावा. इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ भांडारात पूर्ण झालेले प्रबंध आणि ‘शोधगंगोत्री’त नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांचे आराखडे पाहता येतात. ‘या विषयावर आजवर काम झालेले नाही’ हे वाक्य टिपणातले सर्वांत कच्चे वाक्य. ते बहुधा खरे नसते, आणि खरे असले तरी तेवढ्याने काम करण्याचे कारण मिळत नाही. आधीच्या अभ्यासकांनी काय मोजले आणि काय मोजायचे राहिले, हे दाखवावे लागते. शेततळ्यांमुळे उत्पन्न आणि पीकपद्धत कशी बदलली हे कोणी तपासले असेल, पण तळ्यांच्या संख्येची सांगड विहिरींच्या पातळीशी घातली नसेल, तर ती जागा रिसर्च गॅप म्हणून नेमकी दाखवता येते.

उद्दिष्टे तीन किंवा चार पुरतात. प्रत्येकाचे क्रियापद तपासून घ्यावे. ‘अभ्यास करणे’ यातून काहीच कळत नाही. ‘मोजणे’, ‘तुलना करणे’, ‘वर्गवारी करणे’ यांतून काम दिसते. गृहीतक असे हवे की ते चुकीचे ठरू शकेल. ‘शेततळ्यांचा भूजलावर परिणाम होतो’ हे विधान कधीच खोटे पडणार नाही. ‘सारखा पाऊस झालेल्या दोन पाणलोटांपैकी जिथे अस्तर घातलेली तळी दाट आहेत, तिथे ऑक्टोबर ते मार्च या काळात विहिरींची पातळी जास्त वेगाने उतरते’ हे मात्र पडताळता येते.

पद्धतीचा भाग सर्वांत मोठा असतो आणि कस तिथेच लागतो. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग बेसाल्ट खडकाचा. त्यात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांतच साठते. म्हणून तुलनेचे एकक गाव न धरता पाणलोट धरणे योग्य. तळ्यांची यादी कृषी विभागाकडून, पाऊस महसूल मंडळातल्या हवामान केंद्राकडून, पिके ई-पीक पाहणीतून मिळू शकतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. पण तिच्या विहिरी विरळ आहेत, एका लहान पाणलोटात एखादीच सापडेल. म्हणजे शेतकऱ्यांच्या विहिरी निवडून दरमहा स्वतः मोजणी करणे आले. शिवाय २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाची कामे त्याच गावांत झालेली असू शकतात. पातळीतला फरक तळ्यांमुळे की बंधाऱ्यांमुळे, हे वेगळे कसे काढणार, ते टिपणातच सांगावे लागते. समितीचा पहिला प्रश्न तोच असतो.

नैतिक बाजूला एक परिच्छेद पुरे, पण तो छापील नमुन्यातला नसावा. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत. बोअरची खोली विचारली की शेतकरी सावध होतो. त्याचे नाव व गट क्रमांक गुप्त राहतील याची हमी कशी देणार, हे लिहिले नाही तर मिळणारे आकडेही भरवशाचे राहत नाहीत.

वेळापत्रक विषयाच्या ऋतूंशी जुळावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीचा कालावधी, कोर्सवर्क धरून, किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा. मोजणी ऑक्टोबरला सुरू करायची तर विहिरींची निवड आणि परवानग्या पावसाळ्यातच उरकाव्या लागतात; तो महिना चुकला की पूर्ण वर्ष जाते. एकाच वर्षाच्या मोजणीवर निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून किमान दोन हंगाम धरावेत. खर्चातही प्रवास, मोजणीची साधने आणि मदतनीसाचे मानधन असे भाग वेगळे दाखवावेत.

मर्यादा लिहिताना काय करणार नाही ते स्पष्ट सांगावे: तालुक्याबाहेर निष्कर्ष लागू करणार नाही, पाण्याची गुणवत्ता तपासणार नाही. कुंपण आधीच घातले की तोंडी चर्चेत विषय भरकटत नाही.

शीर्षक सर्वांत शेवटी ठरते. त्यात काय मोजणार, कुठे आणि कोणत्या काळात, या तिन्ही गोष्टी याव्यात. ‘शेततळी आणि भूजल’ याचे आता ‘सिन्नर तालुक्यातील अस्तरित शेततळ्यांची घनता आणि पावसाळ्यानंतरची विहिरींची पातळी: दोन पाणलोटांची तुलना’ असे होते आणि काळ उपशीर्षकात येतो. मग मजकूर पुन्हा वाचून प्रत्येक उद्दिष्टासमोर त्याची माहिती कुठून येणार ते लिहून पाहावे. ज्या उद्दिष्टासमोर जागा रिकामी राहील, ते काढून टाकावे किंवा त्यासाठी पद्धत बदलावी.