तंगुसाच्या दुसऱ्या टोकाला

देवबागच्या खाडीतून होडी बाहेर पडते तेव्हा उजाडायला थोडा वेळ असतो. आत पुण्याहून आलेली चार-सहा मंडळी, अंगावर नारिंगी लाइफ जॅकेट, पायाशी कोलंबीचं टोपलं, आणि प्रत्येकाच्या हातात लाकडी तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस, म्हणजे मासे गरवायचा धागा. टोकाला शिसं आणि गरी. अजून नांगरही पडलेला नसतो, तोच कोणीतरी विचारतं, ‘‘मासा कधी लागणार?’’ तांडेल पाण्याकडे बघत राहतो. ‘‘वायच थांबा. पाणी धावूक लागांदे.’’

पाणी धावायला लागू दे म्हणजे काय? पाणी काय बस आहे, सुटायची वाट बघायला?

तर, आहे. भाड्याच्या होडीतून गरवायला जाणाऱ्यांची सगळ्यात जुनी तक्रार हीच असते: परवा आठला बोलावलं होतंत, आज साडेपाचला कसं? पाण्याचं वेळापत्रक किनाऱ्यावर कोणी लिहीत नाही, ते चंद्र लिहितो. पाणी ज्या घटकेला भरतं किंवा पूर्ण सुकतं, त्या घटकेला ते जवळजवळ उभं असतं, आणि मासेही सुस्तावतात. पाणी वाहू लागलं की ते चिंगळं, किडे, कोवळी पिल्लं ओढत आणतं, आणि खडकाच्या आडोशाला मोठे मासे तोंड वासून उभे राहतात. म्हणजे जेवण वाढलं जातं ते पाणी धावताना. तुमची गरी त्या पंगतीत वेळेवर पोचली पाहिजे.

ही वेळ काढायची एक जुनी युक्ती मुंबई-अलिबागकडे ऐकायला मिळते. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी? चार पाऊणे तीन. तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बारा. (दक्षिणेकडे मालवणात वेळ थोडी सरकते, तिथे तेवढा फरक धरतात.) पाऊणच का? कारण चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, आणि 45 मिनिटांचा पाऊण तास तोंडी हिशेबाला सोपा. दर दिवशी थोडी थोडी चूक साठत जाते, पंधरवड्याच्या शेवटी ती पाऊण तासाची होते, आणि नेमकी तेव्हाच अमावास्या किंवा पौर्णिमा येऊन हिशेब पुन्हा बारावर आणून ठेवते! स्वतःची चूक स्वतःच पुसणारं गणित, आणि तेही पाढ्यात बसणारं. ज्याने कोणी हे पहिल्यांदा ताडलं त्याच्यापुढे हात जोडावेत असं मला दर वेळी वाटतं.

असो. होडी आता डुलायला लागली आहे, आणि पुढच्या वीस मिनिटांत पुण्याच्या मंडळींपैकी एकाचा चेहरा हिरवा पडणार आहे.

होडी लागते म्हणजे नेमकं काय लागतं? आपल्या कानात, पडद्याच्याही आत, एका मऊ गादीवर खडूसारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म खडे बसवलेले असतात. डोकं कललं, अंग हललं की हे खडे घसरतात, खालचे केस वाकतात आणि मेंदूला कळतं, आपण हललो. होडीत बसून तुम्ही मोबाइलकडे किंवा पायाशी पाहता तेव्हा डोळे सांगतात, सगळं जागच्या जागी आहे. कानातले खडे सांगतात, छे, आपण वर जातोय, खाली येतोय, डावीकडे कलतोय. दोन साक्षीदार, दोन जबान्या. मेंदू गोंधळतो. एक तर्क असा आहे की असा गोंधळ म्हणजे पोटात विष गेलंय असा अर्थ मेंदू लावतो आणि ते बाहेर काढायचा हुकूम सोडतो. म्हणून क्षितिजाकडे बघा म्हणतात. क्षितिज पाहिलं की डोळ्यांनाही डुलणं दिसतं आणि साक्ष जुळते. आणि लाज वाटून घेऊ नका. चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 अशी पाच वर्षं ‘बीगल’ जहाजावर होता आणि शेवटपर्यंत त्याला समुद्र लागत राहिला.

आता गंमत बघा. तुम्ही ज्यांना पकडायला आलात त्यांच्याही डोक्यात हेच खडे आहेत. त्यांचे तर हाताला लागण्याएवढे मोठे. ढोमा खाताना डोक्यातून पांढरा, गुळगुळीत खडा निघतो ना, तोच तो. आजी म्हणते, माशाच्या डोक्यात दगड. आजी अगदी बरोबर म्हणते. ज्या अवयवाने तुम्हाला या क्षणी आडवं केलंय, त्याच अवयवाने दहा वाव खालचा ढोमा आपली पाठ वर ठेवून पोहतोय. तुमचं नि त्याचं नातं इतकं जवळचं.

पण दहा वाव खाली तो नेमका कुठे आहे? जुने तांडेल खुणा धरतात: हा डोंगर त्या देवळाच्या मागे आला, आणि पलीकडचा माड किल्ल्याच्या बुरुजाला भिडला, की खाली खडक. दोन सरळ रेषा जिथे छेदतात तिथे नांगर. आता काही होड्यांवर पडद्याचं यंत्र असतं. ते खाली आवाजाची टिचकी सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतं. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. त्यामुळे दहा वाव जाऊन यायला त्याला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पण पडद्यावर दिसतो तो मासा नसतोच! माशाचं मांस म्हणजे बहुतेक पाणीच, आवाज त्यातून सरळ निघून जातो. परत उसळतो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या फुग्यावरून. तुम्ही पडद्यावर बुडबुडे बघत असता. आणि सुरमईला तर हा फुगाच नसतो. ती या यंत्राला अगदीच पुसट दिसते, आणि म्हणून कधीकधी पडदा कोरा असताना तंगूस मात्र सणकन पळतो.

गरी पाण्यात गेली. आता गप्प बसायचं का? नव्या मंडळींना दटावलं जातं, बोलू नका, मासे पळतील. खरं तर हवेतला आवाज पाण्यात शिरतच नाही म्हटलं तरी चालेल. पाण्याच्या पृष्ठभागावर त्याचा जवळजवळ सगळा जोर परत उसळतो, हजारातला एखादा हिस्सा आत जातो. राजकारणावर खुशाल भांडा. पण चप्पल आपटू नका. होडीच्या फळीवरचा ठोका लाकडातून थेट पाण्यात उतरतो, आणि माशाच्या अंगावर दोन्ही कुशींना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, ती रेघ म्हणजे पाण्याची हालचाल ओळखणाऱ्या पेशींची ओळ. स्पर्श आणि ऐकणं यांच्या मधलं काहीतरी. आपल्याकडे त्याला शब्द नाही, कारण आपल्याकडे ते इंद्रियच नाही.

त्यातही चव घेण्याचा प्रकार ऐका. शिंगाळ्याला मिशा असतात, आणि त्या मिशांवर जिभेसारखे चवीचे कण असतात. गढूळ पाण्यात, काळोखात तो तळ चाटत नाही, मिशांनी चाखत चालतो. जेवणाच्या ताटावरून मिशी फिरवून भाजी खारट आहे का ते कळलं असतं तर? आणि एक सांगायचं राहतंय. समुद्रातल्या शिंगाळ्यांमध्ये मादीने घातलेली गोटीएवढी अंडी नर तोंडात घेतो आणि पिल्लं सुटी होईपर्यंत कित्येक आठवडे तोंडातच सांभाळतो. त्या काळात तो काही खात नाही. तुमची कोलंबी कितीही ताजी असो, हा बाप गरीला तोंड लावणार नाही. ‘‘आज काही लागलंच नाही’’ म्हणून नाराज होणाऱ्या गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत असेल असं वाटत नाही.

मग वाट बघणं. तंगूस तर्जनीवर घेऊन. या वेळी हातात काय धरलंय ते बघा: नायलॉन, 1935 साली प्रयोगशाळेत जन्मलेला धागा. त्याच्या टोकाला गळ, आणि गळाचं वय? जपानच्या ओकिनावा बेटावर एका गुहेत शंखापासून घासून केलेले गळ सापडले, ते सुमारे 23000 वर्षांपूर्वीचे! शेतीच्या कितीतरी आधी, मडक्याच्या आधी म्हणावं तर वाद होईल, पण हातातल्या वाकड्या काट्याचा आकार तेव्हापासून फारसा बदललेला नाही. आणि या दोघांना जोडणारं तिसरं यंत्र तुमच्या बोटाच्या कातडीखाली आहे. तिथे कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या बारीक गाठी असतात, त्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही बारीक थरथर टिपतात. रॉड-रील घेतलेल्या पाहुण्यांपेक्षा साध्या हातदोरीवाल्याला आधी कळतं, ते यामुळेच. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने रॉडला हातच लावू नये.

टिक. टिक टिक. कोणीतरी खाली आमिष चाखतंय. हे बारीक टोचणं बहुधा लहानसहान मासळीचं. मग एकदम ओढ. गोबरा असा चावत नाही, तो तोंड उघडतो तेव्हा त्याचा गाल एवढा फुगतो की आजूबाजूचं पाणी आत खेचलं जातं, आणि पाण्याबरोबर कोलंबी. सेकंदाच्या काही शतांश भागात. मग तो वळतो आणि खडकाच्या कपारीत घुसायला बघतो. इथे तांडेल ओरडतो, ‘‘ओढ! ओढ! ढील देव नको!’’ आणि सगळी होडी एका बाजूला झुकते. (कृपा करून झुकू नका.)

वर येतो तो मोठा गोबरा, आणि त्याच्या तोंडातून लाल, फुगलेलं काहीतरी बाहेर आलेलं. ‘‘शी, जीभ बघ!’’ ती जीभ नव्हे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. वीस मीटर खाली तो इथल्या तिप्पट. तिथे गोबऱ्याच्या पोटातला फुगा त्या दाबाला सांभाळून बेताचा भरलेला असतो. तुम्ही त्याला दोन मिनिटांत वर आणलंत, आणि तीच हवा तिप्पट झाली. पोटात मावेना, म्हणून तिने जठरच तोंडावाटे बाहेर ढकललं. घाट चढताना तुमच्या कानांना दडे बसतात, त्याचं हे भयंकर रूप. असा मासा नुसता पाण्यात सोडला तर तो फुग्यासारखा तरंगत राहतो आणि घार त्याला उचलते. त्याला सोडायचंच असेल तर शिशाच्या वजनाला अडकवून पुन्हा खोल उतरवावं लागतं. खाली दाब वाढला की फुगा आपोआप लहान होतो, मासा भानावर येतो, झटका देऊन मोकळा होतो. ज्या वजनाने गरी खाली नेली त्याच वजनाने माशाला घरी पोचवायचं.

सोडायचं कशाला, असं विचाराल. तर त्या मोठ्या गोबऱ्याबरोबर फोटो काढणाऱ्याने हे ऐकावं: गोबरे मादी म्हणून मोठे होतात आणि त्यांतले काही पुढे नर होतात. म्हणजे हातातला हा धटिंगण कधीकाळी अंडी घालत होता. रायगडकडचा जिताडा, गोव्यातली चोणक, नेमकी उलटी: आधी नर, मग मादी. एकाच्या फोटोत तुम्ही म्हातारा बाप धरलेला असतो, दुसऱ्याच्या फोटोत आई. मोठा मासा पकडला की दर वेळी त्या वस्तीतलं कोणतं माणूस गेलं, हे जात बघून ठरतं.

दुसऱ्या कोणाच्या तंगुसाला तांबोशी लागते. लालभडक. एवढा भडक रंग घेऊन शिकाऱ्यांच्या समुद्रात कशी जगते ही? जगते, कारण खाली ती लाल नसतेच. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, त्यामुळे खोलात लाल कातडीवरून परतायला लाल उजेड उरतच नाही. तिथे ती काळपट सावली असते. तिचा लाल रंग पहिल्यांदा पाहणारे तुम्हीच.

टोपात एक ढोमा पडलाय आणि कुरकुरतोय. खरंच, ऐका, कुर्रर्र. पोटातल्या त्याच फुग्यावर स्नायू वेगाने आपटून तो हा आवाज काढतो. घोळही याच खानदानातला, आणि त्याच्या बोताला, म्हणजे या फुग्याला, परदेशात एवढी किंमत की 2021 साली पालघरजवळच्या एका बोटीला मिळालेल्या दीडशेहून अधिक घोळींचा लिलाव कोटीच्या वर गेला होता.

दहाच्या सुमाराला होडी परत लागते. जून-जुलै सोडून वर्षभर असंच: त्या दोन महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी. हिरव्या चेहऱ्याचा गडी जमिनीवर पाय ठेवूनही डुलतोय, कारण मेंदूला आता डुलण्याचीच सवय झाली.

दुपारी ताटात तोच ढोमा. कोणीतरी डोकं फोडतं, आत पांढरा खडा. धुवून हातावर घ्या. 1971 साली जॉर्जिओ पानेला या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की या खड्यावर झाडाच्या खोडासारखी कडी असतात, आणि तीही नुसती वर्षाची नव्हेत, दिवसाची. एक दिवस, एक कडं. भिंगाखाली लहान माशाचा जन्मापासूनचा दिवस न् दिवस मोजता येतो. सगळ्यात बाहेरचं, अगदी कडेचं, ते आज सकाळचं. अर्धंच झालेलं.