भाग ३७ : मुस्तफाचं वीजबिल कोण भरतं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा लोकलमध्ये हेडफोन विसरलाय, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना मी दोन ठिकाणी आकडे चुकवले होते, ते इथे दुरुस्त केलेत. त्यामुळे खरं तर वाचणाऱ्यांचा फायदाच आहे.

एक प्रश्न विचारतो. मुस्तफा आठवतो का? शाळेच्या मागच्या गल्लीतलं व्हिडिओ गेम पार्लर, दोन रुपयांचं नाणं, आणि पिवळी टोपी घातलेला तो गडी. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', कॅपकॉमने १९९३ साली काढलेला. आपल्याकडे मात्र अख्ख्या गेमलाच 'मुस्तफा' म्हणायचे. मी तो शेवटचा खेळलो तेव्हा पाचवीत होतो. त्यानंतर थेट २०२२ मध्ये भेटला, तोही उत्तर इंग्लंडमध्ये, एका जुन्या कापड गिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर.

कंपनीने मला प्रोजेक्टसाठी मँचेस्टरला पाठवलं होतं. त्या भागात असे रेट्रो आर्केड बरेच आहेत. बरी गावातलं 'आर्केड क्लब' त्यातलं सगळ्यात नावाजलेलं, तेही जुन्या गिरणीतच. मी जायचो ते फार लहान होतं, साठेक मशीन. पद्धत मात्र तीच : दारात एकदाच प्रवेश फी भरायची आणि आत सगळी मशीन फुकट, हवं तेवढं खेळा. मालक साठीचे. तरुणपणी मशीन दुरुस्त करत फिरायचे आणि बंद पडणाऱ्या दुकानांतून भंगाराच्या भावात ही मशीन गोळा केलेली. मी सॉफ्टवेअरवाला, सोल्डरिंग बेताचंच. तरी शनिवारी सकाळी त्यांच्या हाताखाली काम करायला लागलो.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी त्यांनी मला वीज कंपनीचं पत्र दाखवलं. त्यांचा करार संपत होता. जुना दर युनिटला १५ पेन्स. नवा दर, एक वर्षासाठी घेतला तर ७१ पेन्स, दोन वर्षांसाठी घेतला तर ६०. उत्तर द्यायला दिलेला वेळ, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत.

आता हे चौपट कुठून आलं, ते आधी समजून घेऊ, कारण आर्केडमध्ये तर एकही मशीन वाढलं नव्हतं.

ब्रिटनमध्ये विजेचा घाऊक भाव ठरतो तो बाजारात शेवटी लागणाऱ्या, सगळ्यात महाग केंद्रावर. समजा भाजी मंडईत आज शंभर जुड्या लागणार आहेत. ऐंशी जुड्या दहा रुपयांना मिळाल्या, शेवटच्या वीस मात्र पन्नासच्या खाली मिळेनात. तर त्या दिवशी सगळ्या शंभर जुड्यांचा भाव पन्नास. विचित्र वाटतं, पण पद्धत ती आहे. पवनचक्कीची वीज स्वस्त असली तरी शेवटची जुडी बहुतेक वेळा गॅसवर चालणाऱ्या केंद्राची असते. आणि गॅसचं काय झालं? २०२१ च्या सुरुवातीला युरोपात गॅसचा भाव एका मेगावॉट-तासाला वीस युरोच्या आसपास होता. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, गॅस आखडता घेतला, आणि ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस तोच भाव तीनशे युरोंच्या वर गेला. नॉर्ड स्ट्रीम वाहिनी त्याच सुमारास बंद पडली. बाल्टिक समुद्राखालच्या नळातला गॅस आटला आणि लँकेशायरमधल्या पॅकमॅनचं बिल वाढलं.

घरांना संरक्षण होतं. तिथली नियामक संस्था, ऑफजेम, घरगुती दरावर कमाल मर्यादा ठेवते. (ही मर्यादा दरावर असते, एकूण बिलावर नाही. माझ्या फ्लॅटमेटला हे शेवटपर्यंत पटलं नाही, हीटर लावून खिडकी उघडी ठेवायचा.) दुकानांना अशी मर्यादाच नाही. दुकान करार करतं, एक-दोन-तीन वर्षांचा, ठरलेल्या दराने. त्यामुळे सगळा खेळ एका गोष्टीवर आला : तुमचा करार कुठल्या महिन्यात संपतो. शेजारच्या सलूनवाल्याचा २०२१ मध्येच तीन वर्षांसाठी झाला होता, तो मजेत. आमच्या मालकांचा ऐन सप्टेंबर २०२२ मध्ये संपला. यात धंदा नीट करणं न करणं काही नव्हतंच, लॉटरी होती.

त्यांनी दोन वर्षांचा घेतला. साठ पेन्स.

आता गणित. घाबरू नका, गुणाकारच आहे. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबचं मशीन साधारण १०० ते २०० वॅट घेतं. सरासरी १५० धरा. साठ मशीन म्हणजे ९ किलोवॅट. आठवड्यात पाच दिवस, रोज दहा तास, वर्षाचे २,६०० तास. झाले २३,४०० युनिट. जुन्या दराने ३,५१० पाउंड, नव्या दराने १४,०४०. फरक १०,५३०. प्रवेश फी १२ पाउंड, त्यातले २ व्हॅटमध्ये जातात, हातात १०. म्हणजे फक्त विजेतला फरक भरून काढायला वर्षाला १,०५३ माणसं जास्त यायला हवीत. ती येणार कुठून? त्यांच्याही घरी बिल वाढलंय, आणि लोक पहिली काटछाट करतात ती पॅकमॅनवर. यात दिवे, स्वयंपाकघर, शीतपेयांचे फ्रिज धरलेलेच नाहीत.

मी इंजिनिअर असल्यामुळे लगेच शहाणपणा सुचवला. 'कोणी खेळत नसेल तर मशीन बंद ठेवा ना! सेन्सर लावू, माणूस समोर आला की चालू.' त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं आणि एका मशीनला प्लगमधला मीटर लावला. कोणी खेळत नाही : १२८ वॅट. मी खेळतोय : १३१.

इथे मला पहिल्यांदा कळलं की हे मशीन मोबाइलसारखं झोपत नाही. पिक्चर ट्यूबमध्ये मागून इलेक्ट्रॉनचा झोत येतो आणि सेकंदाला साधारण साठ वेळा अख्खा पडदा रंगवतो. समोर कोणी असो वा नसो. आणि रिकाम्या मशीनवर जे आपोआप चालू असतं ना, गेमची झलक, हायस्कोरची यादी, ती त्या मशीनची जाहिरात. ती बंद केली की आर्केड म्हणजे काळ्या कपाटांची वखार. दारातून डोकावणारा माणूस परत फिरतो.

बरं, सेन्सरने चालू करायचं म्हटलं तर ट्यूब तापून चित्र यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. तेवढ्यात पोरगं पुढच्या मशीनवर गेलेलं असतं. शिवाय चालू होताना ट्यूबभोवतीची चुंबकत्व घालवणारी वेटोळी क्षणभर मोठा करंट ओढते. म्हणून सकाळी सगळी मशीन एकदम चालू करता येत नाहीत, एमसीबी पडते. मालक एकेक रांग चालू करत जायचे, मध्ये चहाचा घोट. आणि दर वेळी थंड-गरम होण्यात जुने सोल्डरचे सांधे तडकतात.

पण उलट बाजूही खरी. सतत चालू ठेवलं तर आतले कपॅसिटर उष्णतेने वाळतात. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं. म्हणजे चालू-बंद केलं तरी झीज, सतत चालू ठेवलं तरी झीज. आणि अशा नव्या ट्यूब आता जवळजवळ कुठेच बनत नाहीत. ट्यूब गेली की दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढून आणायची.

'मग एलसीडी लावा', हा माझा दुसरा शहाणपणा. वीज निम्म्याने वाचली असती. पण बंदुकीचे गेम, टाइम क्रायसिस वगैरे, त्यांची बंदूक बघते की झोत पडद्यावर नेमका कुठल्या क्षणी कुठे आहे, त्यावरून नेम कळतो. एलसीडीत असा झोतच नाही, बंदूक आंधळी होते. आणि अ‍ॅटारीचा १९७९ चा 'अ‍ॅस्टरॉइड्स' तर रांगा रंगवतच नाही, झोताने थेट रेषा काढतो. अंधारात ती गोळी अशी चमकते की डोळ्यांत आग राहते. ते एलसीडीवर दाखवणं म्हणजे फटाक्याचा फोटो. लोक बारा पाउंड देतात ते याच्यासाठी. गेम तर मोबाइलवरही मिळतो.

उष्णतेचं एक सांगायचं राहिलं. ९ किलोवॅट वीज आत गेली की शेवटी तेवढीच उष्णता होऊन खोलीत पडते. जानेवारीत त्याचा फायदा, वेगळं हीटिंग जवळजवळ लागायचं नाही. पण १९ जुलै २०२२ ला ब्रिटनमध्ये पहिल्यांदा ४० अंशांच्या वर पारा गेला, तेव्हा तीच मशीन शत्रू झाली. आर्केड दोन दिवस बंद. आपल्याकडे कोणी हा धंदा काढायचं म्हणत असेल (मला तिघांनी मेसेज केलेत) तर हे आधी बघा. पुण्यात, नागपुरात तुम्ही मशीनची वीज भरणार आणि तीच उष्णता बाहेर फेकायला एसीची वीजही भरणार. वर व्यावसायिक दर घरगुतीपेक्षा वेगळा, स्थिर आकार वेगळा, वीज शुल्क वेगळं.

सरकारने मदत केली का? केली, आणि तिच्यातच खरी गंमत आहे. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ अशी सहा महिन्यांची योजना आली : घाऊक भागातलं २१.१ पेन्सच्या वरचं सरकार भरेल. मालकांच्या ६० पेन्समध्ये घाऊक भाग ४५ च्या आसपास होता, म्हणजे दर साधारण ३६ वर आला. हिवाळा निघाला. एप्रिल २०२३ पासून नवी योजना, तीत सूट युनिटला जास्तीत जास्त १.९६ पेन्स. वर्षभराचं गणित करा : ४५९ पाउंड. एका चांगल्या शनिवारची कमाई.

पण काही क्षेत्रांना जास्त मदत होती, भरपूर ऊर्जा लागणारे कारखाने वगैरे. त्या यादीत ग्रंथालयं आणि संग्रहालयंही होती. त्यांना युनिटला ८.९ पेन्सपर्यंत, वापराच्या ७० टक्क्यांवर. आमच्या २३,४०० युनिटला ते १,४५० पाउंडांच्या वर गेलं असतं. म्हणजे तीच ट्यूब, तोच गेम, तेवढेच वॅट. दारावर 'संग्रहालय' लिहिलं असेल तर तिप्पट मदत, 'आर्केड' लिहिलं असेल तर नाही. मालक म्हणाले, मी चाळीस वर्षं हे जपतोय, फक्त पाटी चुकली. मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. संग्रहालयाला मदत नको असं नाही. पण जी वस्तू चालू ठेवल्याशिवाय जपताच येत नाही, तिची वीज हाच तिचा जपणुकीचा खर्च असतो, हे त्या यादीला कुठे माहीत.

शेवटी आम्ही काय केलं? मोठी युक्ती सापडली नाही. सगळी मशीन एकेक करून मोजली, दोन शनिवार गेले. सगळ्यात खादाड निघाल्या पिनबॉल आणि मोठ्या पडद्याच्या गाड्या. पिनबॉलच्या टेबलात ४४ नंबरचे छोटे बल्ब असतात, ६.३ व्होल्ट, पाव अँपिअर, म्हणजे प्रत्येकी दीड वॅट. एका टेबलात साठ-सत्तर. ते सगळे एलईडी केले, टेबलामागे नव्वदेक वॅट वाचले आणि चित्रावरचे रंगही उष्णतेने उडायचे थांबले. कपाटांवरच्या नावाच्या पाटीतल्या ट्यूबलाइट बदलल्या. रांगांना वेगवेगळे टायमर मी लिहून दिले, तेवढंच माझं सॉफ्टवेअर. आणि बुधवार बंद केला, गुरुवारी मागची खोली बंद.

तरी पुरलं नाही. २०२३ च्या मे महिन्यात घाऊक भाव खूप खाली आले होते, शेजारी नवं कॉफीचं दुकान आमच्या निम्म्या दराने करार करून बसलं, आणि मालक मात्र साठ पेन्समध्ये अडकलेले. कंपनीने सुचवलं की जुना आणि नवा दर मिसळून करार आणखी तीन वर्षं वाढवा. त्यांनी नाही म्हटलं, आणि 'अ‍ॅस्टरॉइड्स' विकला. मीच दुसऱ्या बाजूने धरून जिन्यावरून खाली उतरवला. जड होता फार.

करार सप्टेंबर २०२४ मध्ये संपला. मी तोवर पुण्यात परत आलो होतो. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या पत्राचा फोटो पाठवला, २७ पेन्स. १५ नाही, पण ६० पण नाही. बुधवार पुन्हा सुरू झालाय. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला शिकायला गेलं तर मला मेसेज करा, पत्ता देतो. मुस्तफा मागच्या खोलीत आहे, डावीकडून तिसरा. उडी मारायचं बटण जरा अडकतं, जोरात दाबा.