घाटेअळीच्या पोटातली लढाई

दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात डिसेंबर सरता सरता हरभरा घाट्यावर येतो आणि घाटेअळी डोके घाट्यात खुपसून, अर्धे अंग बाहेर ठेवून दाणा पोखरू लागते. ज्या वावरात एचएएनपीव्ही हा घाटेअळीचा विषाणू फवारलेला असतो, तिथे आठवडाभरात वेगळे दृश्य दिसते. काही अळ्या झाडाच्या शेंड्यावर चढून मागच्या पायांनी उलट्या लटकलेल्या असतात. अंग फिकट आणि लिबलिबीत. बोट लागले तरी कातडी फाटते आणि पांढुरका द्रव ओघळतो. त्या द्रवात विषाणूचे अब्जावधी स्फटिक असतात. खालच्या पानांवर ते सांडतात आणि दुसरी अळी ते पान खाते.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशींमुळे हा विषाणू वऱ्हाडात ओळखीचा झाला. माणसाला, जनावराला, मधमाशीला त्याचा उपद्रव नाही. तो तयार होतो तोही अळीतच. या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येक अळी वेगळ्या कुपीत वाढवायची, तिला विषाणू चारायचा, मेली की वाटून, गाळून अर्क काढायचा. त्याचे माप ‘एलई’. एक एलई म्हणजे सहा अब्ज स्फटिक. हेक्टरी २५० एलई धरले, तरी आकडा दीड लाख कोटींवर जातो.

एवढे स्फटिक लागतात, कारण ऊन त्यांना मारते आणि पुष्कळसे अळीच्या तोंडी लागतच नाहीत. पण पोटात गेलेल्यांपुढेही एक अडथळा असतो, आणि या विषयातला सर्वांत विलक्षण भाग तोच आहे. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतो, विषाणू मोकळा होऊन आतड्याच्या पेशीत शिरतो आणि तिला आपल्या प्रती काढायला लावतो. घुसखोरीची चाहूल लागलेली पेशी तेव्हा स्वतःला संपवू शकते. कॅस्पेज नावाची विकरे जागी होतात, पेशीतली प्रथिने तुकडे तुकडे होतात, पेशीचे फुगे फुगे होऊन ती विखुरते. प्रती पुऱ्या होण्याआधी हे घडले, तर विषाणूचा कारखानाच बंद पडतो. यालाच नियोजित पेशीमृत्यू म्हणतात.

विषाणू यावर काय करतो, हे १९९१ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात लोइस मिलर आणि रॉली क्लेम यांच्या कामातून उघड झाले. याच कुळातल्या दुसऱ्या एका विषाणूतले पी-३५ हे जनुक निकामी होते आणि तो ज्या पेशींत सोडला त्या धडाधड आत्मनाश करत होत्या. पेशी होत्या लष्करी अळीच्या. २०१८ पासून भारतातला मका फस्त करणारी हीच ती. पी-३५ कॅस्पेजना जखडून ठेवते, हे पुढे कळले. १९९३ मध्ये दिसले, की हे जनुक नसलेल्या विषाणूला लष्करी अळीत रोग लावण्यासाठी सुमारे हजारपट मात्रा लागते. कोबीवरच्या उंटअळीला मात्र तोच लंगडा विषाणू नेहमीसारखाच मारत होता. म्हणजे कोणता विषाणू कोणत्या अळीला मारील, यात पेशीच्या मरण्याच्या तत्परतेचाही वाटा असतो.

त्याच वर्षी सफरचंदावरच्या अळीच्या विषाणूत आयएपी हे दुसऱ्या प्रकारचे जनुक सापडले. तेही पेशीला मरू देत नाही. त्याची भावंडे नंतर माणसातही निघाली, आणि आज कर्करोगाच्या संशोधनात त्यांचे मोठे नाव आहे. आपल्या घाटेअळीच्या विषाणूकडे पी-३५ नाही, आयएपी आहेत. प्रती काढून झाल्या, की मात्र त्याला पेशी मोडलेलीच हवी असते. तेव्हा तो कायटिनेज आणि कॅथेप्सिन ही विकरे वापरून अख्खी अळी पातळ करून टाकतो.

अळीकडे आणखी एक उपाय असतो. लागण झालेल्या पेशी आतड्याच्या अस्तरातून गळतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. अळी मोठी, तितकी ही गळती सोपी. घाटेअळीच्या एका अमेरिकन नातलगावर झालेल्या प्रयोगांत कपाशीचे पान खाल्लेल्या अळ्यांनी अशा पेशी जास्त वेगाने टाकून दिल्या. कापूस खाणाऱ्या किडीला कापसातलीच रसायने विषाणूपासून वाचवतात, हे वऱ्हाडात प्रत्येक कपाशीवाल्याला ठाऊक असायला हवे.

आणि राणीपाल? कपड्यांना पांढरेपणा आणणारी ही पूड फवारणीच्या द्रावणात घालतात ती उन्हापासून विषाणूचे रक्षण व्हावे म्हणून. ते खरेच आहे. पण याच जातीच्या चकाकी आणणाऱ्या रसायनांनी आतड्यातली पेशींची गळती रोखल्याचे प्रयोगांत दिसले आहे. जिप्सी पतंगाच्या अळीच्या आतड्यातील पेशींवर काम करणाऱ्यांना तर त्यांनी पेशींचा आत्मनाशही थोपवल्याचे आढळले. मरू पाहणारी पेशी टिकली, की विषाणूला हवा तो वेळ मिळतो.

आपल्या घडीपत्रिकांत ‘लहान अळ्यांवर, सायंकाळी, राणीपाल घालून’ एवढेच छापतात. माझ्या मते कारणही छापायला हवे. अळी बोटाएवढी झाल्यावर फवारणी केली, की ‘औषध लागले नाही’ म्हणून दोष विषाणूच्या माथी येतो. खरे तर तोवर अळीचे आतडे त्याला पुरून उरण्याइतके तयार झालेले असते. कामगंध सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग आले, की पानांवर अंडी शोधायला लागावे. ती उबायला थोडेच दिवस लागतात, आणि पहिली कोवळी अळी पान खरवडायला लागेल त्या संध्याकाळी विषाणू पानावर असायला हवा.