वसाहतीच्या हिशेबातील मूल (लेखांक ५)

मागील लेखांकात विकास आराखड्यातील आरक्षणांचा, म्हणजे शाळा, बाग, दवाखाना अशा सार्वजनिक कामांसाठी नकाशावर राखून ठेवलेल्या जागांचा, विचार झाला. या जागा किती माणसांसाठी राखायच्या हा हिशेब त्याही आधीचा असतो आणि त्यात मूल कोठे बसते, हे पाहण्यास शहादा तालुक्यातील म्हसावदचा परिसर विशेष उपयोगी आहे. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील नर्मदाकाठची ३३ गावे बाधित झाली, तेव्हा तेथील आदिवासी कुटुंबांसाठी सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदा व शहादा तालुक्यांत, कोऱ्या जमिनीवर नव्या वसाहती आखाव्या लागल्या. सोमावल, रोझवा, रेवानगर ही त्यांतलीच नावे.

या आखणीचा पाया नर्मदा जलविवाद लवादाचा १९७९ चा निवाडा हा होय. त्याने प्रत्येक कुटुंबास घरासाठी १८.२९ मीटर बाय २७.४३ मीटर, म्हणजे साठ फूट बाय नव्वद फूट, भूखंड ठरवून दिला आणि दर ५० कुटुंबांमागे विहीर, दर १०० कुटुंबांमागे तीन खोल्यांची प्राथमिक शाळा, तर दर ५०० कुटुंबांमागे एक दवाखाना व एक बालोद्यान असावे असे लिहून ठेवले. घरासाठीची जागा बुडिताच्या एक वर्ष आधी मिळावी, असेही त्यात होते. विस्थापितांच्या मुलांना खेळायची जागा हक्काने मिळावी, ती कोणाच्या मर्जीवर राहू नये, हा विचार मोलाचा आहे आणि तो आजच्या कित्येक शहरी गृहप्रकल्पांच्या पुढचा आहे.

तरीही या हिशेबाचे एकक कुटुंब आहे, मूल नाही, आणि अडचण तेथेच सुरू होते. समजा, एका वसाहतीत प्रत्येक घरी शाळेच्या वयाचे एक मूल आहे व दुसरीत तीन आहेत. दोन्ही ठिकाणी १०० कुटुंबे असल्यामुळे दोघींना तीनच खोल्या मिळतील, पण पहिलीत एका खोलीत सुमारे ३३ मुले बसतील आणि दुसरीत १००. बालोद्यानाचे प्रमाण तर याहून घातक ठरू शकते, कारण २०० कुटुंबांच्या वसाहतीच्या वाट्याला पाचशेचा अपूर्णांकच येतो आणि नियम अक्षरशः वाचणारा अधिकारी त्याचे उत्तर शून्य असे काढू शकतो. प्रमाण कुटुंबांमागे ठरवले तरी प्रत्येक वसाहतीस, ती कितीही लहान असो, किमान एक जागा मिळालीच पाहिजे, ही अट म्हणूनच आवश्यक आहे.

काळाचा प्रश्न याहून खोल आहे. लवादाने सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले, हे न्याय्यच होते. परंतु ठरलेल्या तारखेला जो अज्ञान होता तो बापाच्या कुटुंबात मोजला गेला, पुढे वाढला, त्याचे लग्न झाले, आणि त्याच्या संसारासाठी नकाशावर भूखंड नव्हता. अशा वेळी एकाच भूखंडाचे तुकडे पडतात किंवा मोकळ्या जागेवर घर उभे राहते, आणि दोन्ही प्रकारांत आधी आकसते ते धाकट्यांचे अंगण.

शहरांत कुटुंबांऐवजी क्षेत्रफळ मोजले जाते. २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार, जी शहाद्यासारख्या नगरपरिषदांनाही लागू आहे, ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडात दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. क्लॅरेन्स पेरी यांनी न्यूयॉर्कसाठी १९२९ मध्ये मांडलेल्या ‘शेजार-एकक’ या कल्पनेतही मोकळ्या जागेचे प्रमाण सुमारे दहा टक्केच होते, पण तेथे शाळा मध्यभागी होती व घरे तिच्याभोवती पायी पोहोचण्याच्या अंतरावर होती. आपल्याकडे प्रमाण आहे, केंद्र मात्र नाही. शिवाय दहा टक्के हे प्रमाण बंगल्यांच्या वसाहतीला आणि एकेका खोलीच्या घरांच्या वसाहतीला सारखेच लागू होते. दुसरीत त्याच जमिनीवर कितीतरी अधिक मुले राहतात, म्हणजे ज्या मुलांच्या घरात पाय पसरायला जागा नाही त्यांनाच बाहेरही सर्वांत कमी जागा मिळते. हा अन्याय नियम मोडल्यामुळे होत नाही, तो नियम पाळूनच होतो.

आरक्षणालाही मुदत असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली गेली नाही आणि जमीनमालकाच्या नोटिशीनंतरच्या चोवीस महिन्यांतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. आराखडा मंजूर झाला त्या वर्षी जन्मलेले मूल तोवर बारा वर्षांचे होते, म्हणजे ज्या प्राथमिक शाळेसाठी जागा राखली होती तिचे वयच त्याने ओलांडलेले असते.

म्हसावदसारख्या गावात बिगरशेती भूखंड पाडले जात असताना मुलांची मोजणी अवघड नाही, कारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद अंगणवाडी सेविकेच्या सर्वेक्षण नोंदवहीत असते व त्यावरून पुढच्या काही वर्षांत शाळेत येणारी मुले वयानुसार मांडता येतात. काळजी एवढीच घ्यावी लागेल की नंदुरबार जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. हिवाळ्यात मोजणी केली तर त्यांची मुले कागदावर येणारच नाहीत, म्हणून ती पावसाळ्यातच करावी लागेल.