सशाचा प्रवास : ऊन टाळा, उपास टाळा

बदलीचा हुकूम आला की घरात बांधाबांध सुरू होते. भांडी, पुस्तके, कपाटे ट्रकमध्ये चढतात. पण मुलांचा लाडका ससा? नागपूरहून बंगळूरला जायचे असो वा आणखी दूर, त्याला सामानाबरोबर कधीही पाठवू नये. मोटारीत, आपल्याजवळच ठेवावे.

सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे पारा ३० अंशांच्या वर गेला की त्याच्या जिवावर बेतू शकते. उन्हाळ्यात प्रवास रात्री किंवा पहाटे करावा आणि बंद गाडीत त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. ससा धापा टाकू लागला तर साध्या पाण्याने कान ओले करून ताबडतोब पशुवैद्य गाठावा.

दुसरा धोका उपासाचा. ओकारी होईल या भीतीने काहीजण त्याला उपाशी ठेवतात. मुळात सशाला ओकता येतच नाही! उलट पोट रिकामे राहिले की आतड्यांचे काम मंदावते, आणि दहा-बारा तासांत जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून पिंजऱ्यात वाळलेले गवत सतत असावे. हलत्या गाडीत पाणी सांडते. तेव्हा धुतलेली ओली कोथिंबीर द्यावी आणि प्रत्येक थांब्यावर पाणी पुढे करावे.

पिंजरा हवेशीर, पण हलणार नाही असा बांधलेला हवा. पाय घसरू नयेत म्हणून तळाशी जुना टॉवेल अंथरावा.

नव्या घरी आधी एका शांत खोलीत त्याची सोय करावी. तो गवत खाऊ लागला, नेहमीसारख्या लेंड्या दिसल्या, की समजावे, पाहुणा सुखरूप पोहोचला!